डावीकडची थप्पी

दवाखान्यात भेटायची वेळ चार ते सहा. म्हणजे उरलेले बावीस तास ड्रायव्हरला काही काम नव्हतं, आणि काम नसलेला ड्रायव्हर ही त्या घरासाठी मोठी धोक्याची गोष्ट होती.

आठ महिन्यांपूर्वी तो निवृत्त झाला होता. त्याआधी अडतीस वर्षं ट्रक. घरी आला की दुसऱ्याच दिवशी त्याच्या अंगणात येरझाऱ्या सुरू व्हायच्या. बायको म्हणायची, "तुमच्या पायाला भिंगरी बांधूनच पाठवलंय." निवृत्तीनंतर भिंगरी काही सुटली नाही, फक्त रस्ता संपला. मग त्याने घरातल्या घरात गाडी हाकायला सुरुवात केली. न बिघडलेली कडी दुरुस्त केली. नीट चालणारा नळ उघडून पाहिला, तो तेव्हापासून गळतोय. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, त्यामुळे तिला दोन दिवस मीठ सापडलं नाही. ती काही बोलली नाही, असं मी म्हणणार नाही. बरंच बोलली.

थंडीच्या तोंडावर तिला ताप आला. साधाच वाटला, म्हणून अंगावर काढला, आणि पाचव्या दिवशी तिला दोन वाक्यं सलग बोलता येईनात. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि त्यातला पांढरा भाग त्याला बोटाने दाखवला. त्याला त्यातलं काही कळलं नाही. पण बाईंचं बोट फोटोवर बराच वेळ फिरत राहिलं, तेवढं त्याला कळलं.

त्या दिवसापासून तो बसेना. बसला तर मनात नको ते यायचं. उभा राहिला तर हात शिवशिवायचे. चौथ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन तो मागच्या दारात उभा राहिला आणि त्याची नजर जळणाच्या शेडवर गेली.

जळण हे तिचं खातं. मधल्या खोलीत लोखंडी शेगडी होती, तिला काचेचं दार आणि छतातून बाहेर गेलेली नळी. हिवाळाभर घर त्या एका शेगडीवर तगायचं, कारण जुन्या वायरींवर विजेचा हीटर लावला की फ्यूज उडायचा. शेगडीला लागणारं लाकूड ती दर वर्षी उन्हाळ्याआधी मागवायची, फोडून घ्यायची आणि शेडमध्ये स्वतः रचायची. तो बाहेरगावी असायचा. परत यायचा तेव्हा शेगडी पेटलेली असायची, आणि ती कशी पेटते हे त्याने कधी विचारलं नाही.

आता त्याने शेड नीट पाहिली आणि त्याला राहवेना. पत्र्याच्या छपराखाली दोन थप्प्या, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दोन्हींत जाड-बारीक, लांब-आखूड सगळं एकत्र. दोन लाकडांमध्ये हात जाईल एवढ्या फटी. खाली फळ्या टाकून सगळा डोलारा जमिनीपासून वीतभर उचललेला, आणि बाजूंना काहीही झाकण नाही. ट्रक भरताना कोणी असा माल लावला असता, तर त्याने त्याला खाली उतरवून घरी पाठवलं असतं. माल म्हणजे कसा, ठासून भरलेला हवा. बोटभर जागा सुटली की माल हलतो, आणि हलला की वळणावर गाडी कलते.

शेडला वळण घ्यायचं नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

तीन दिवस तो त्या कामाला लागला. दोन्ही थप्प्या पार उतरवल्या. लाकडांची जाडीप्रमाणे वर्गवारी केली, मनगटाएवढी इकडे, मांडीएवढी तिकडे. फळ्या अडचण करत होत्या म्हणून काढून टाकल्या. मग जाड लाकडं खाली, मधली मध्ये, बारीक फटींमध्ये ठोकून, असा एकच चिरेबंद ढीग रचला. त्यावर जुनी ताडपत्री चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ओढली आणि दोर आवळून अशा गाठी मारल्या की घाटात वादळ आलं तरी सुटू नयेत. मागे सरून पाहिलं तेव्हा, खरं सांगायचं तर, त्याचा ऊर भरून आला. ती घरी येईल आणि बघेल. म्हणेल, वा. त्या तीन दिवसांत त्याला रात्री झोपही लागली.

पुढच्या आठवड्यात, सोमवारी दुपारी, मुलीचा फोन आला. ती दूरच्या शहरात नोकरीला होती. आईपाशी आठवडाभर राहून परवाच परत गेली होती, आणि डॉक्टरांशी तीच बोलायची.

"बाबा, आईला गुरुवारी सोडतायत."

"बरं झालं."

"ऐका नीट. घर उबदार पाहिजे, पण धूर अजिबात नको. डॉक्टर म्हणाल्या, यांच्या छातीला आता धुराचा वासही चालणार नाही. पुन्हा तसं झालं तर या वेळेसारखं निभावेलच असं नाही."

"कळलं."

"काय कळलं?"

"धूर नको."

फोन ठेवल्या ठेवल्या त्याने ताडपत्रीची एक गाठ सोडली, पाच-सहा लाकडं काढली आणि शेगडी पेटवून पाहिली. कागद जळाला, काटक्या जळाल्या, मग लाकडं सूं-सूं करायला लागली. एकाच्या टोकाला फेस आला. काचेचं दार काळं झालं आणि दाराच्या फटींतून असा पिवळट धूर सुटला की तो स्वतः खोकत अंगणात आला. मागे खिडक्यांतून धूर बाहेर पडत होता.

शेजारचा सुतार कुंपणावरून बघत होता. दोघांची तीस वर्षांची ओळख, आणि सुतार त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणायचा ते आदराने नाही.

"ड्रायव्हरसाहेब, काय, इंजिन तापलं?"

"लाकूड पेटत नाही."

सुतार कुंपण ओलांडून आला. त्याने ताडपत्री वर केली, आत हात घातला आणि ओला झालेला तळवा पँटला पुसला. आतून तळघरासारखा वास आला. खालच्या काही लाकडांवर पांढरी बुरशी धरली होती.

"दोन थप्प्या होत्या ना इथे?"

"होत्या. मी एक केली."

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे?"

"डावीकडची गेल्या वर्षीची होती," सुतार म्हणाला. "दोन उन्हाळे खाल्लेली, सुकी. उजवीकडची या वर्षीची, अजून ओली, पुढच्या हिवाळ्यासाठी. वहिनी एक थप्पी जाळतात तोवर दुसरी वाळते. फटी वाऱ्यासाठी असतात, साहेब. तुम्ही सुकं आणि ओलं एकत्र केलं आणि वर पांघरूण घालून उबवत ठेवलं."

ड्रायव्हरने ढिगाकडे पाहिलं. अडीच-तीन हजार लाकडं, सगळी सारखीच करडी, सगळी सारखीच निमूट.

"आता?"

"आता निवडायचं. सोपं आहे." सुताराने एक सुकं लाकूड शोधलं, ते डाव्या हातात धरलं आणि दुसऱ्यावर ठोकलं. "हे ऐका. खणखणीत. म्हणजे सुकं. आणि हे..." त्याने तिसऱ्यावर ठोकलं. "भद्द. ओलं. आहे की नाही?"

"आहे," ड्रायव्हर म्हणाला.

त्याला काहीही ऐकू आलं नव्हतं. म्हणजे ठोकल्याचं ऐकू आलं, पण दोन्ही वेळा तेच आणि तसंच. अडतीस वर्षं त्याच्या शेजारी इंजिन गुरगुरलं होतं, आणि त्यात बारीकसारीक आवाज कधीच वाहून गेले होते. ही गोष्ट त्याने आजवर कोणाजवळ कबूल केली नव्हती. टीव्हीचा आवाज मोठा का, असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, हल्ली नट पुटपुटतात.

सुताराने अंधार पडेपर्यंत ठोकून ठोकून दोन हातगाड्या भरतील एवढं सुकं बाजूला काढून दिलं. "हे शेगडीपासून हातभर लांब, उभं करून ठेवा. धरलेला दमटपणा दोन दिवसांत जाईल. आठवडाभर पुरेल. पुढचं तुम्ही निवडा. मला उद्या पहाटे निघायचंय, लांबचं काम आहे, शाळेचे दरवाजे बसवायचेत. पंधरा दिवस लागतील."

मंगळवारी ड्रायव्हर एकटाच शेडमध्ये बसला. ठोकलं. पुन्हा ठोकलं. लाकूड कानाला चिकटवून ठोकलं, तेव्हा कानाला लागलं. स्वयंपाकघरातला काटा आणून लाकडं तोलली. ओलं जड असतं हे खरं, पण जाड सुकंही जड असतं, म्हणून काट्याचा काही उपयोग झाला नाही. टोकाला चिरा बघाव्यात, तर गेल्या उन्हाळ्याने ओल्यांनाही चिरा पाडल्या होत्या. अंदाजाने दहा सुकी निवडली, अंगणात जाळून पाहिली, त्यातल्या सहांनी धूर केला. संध्याकाळी दवाखान्यात जायचं होतं म्हणून त्याने तीनदा तोंड धुतलं आणि तरीही अंगाचा धुराचा वास जाईना. शेवटी शर्ट बदलला.

ती उशांना टेकून बसली होती. चेहरा उतरला होता, पण डोळे पूर्वीचेच होते, आणि त्या डोळ्यांची त्याला भीती वाटली.

"जळण आहे ना ठीक?" तिने विचारलं.

"ठीक आहे."

"डावीकडचं वापरा. उजवीकडचं हलवू नका."

"हो."

"पाय कशाला हलवताय?"

"कुठे हलवतोय?"

"पलंग हलतोय." ती त्याच्याकडे बघत राहिली. "काय लपवताय?"

"काही नाही. तू बोलू नकोस, दम लागेल."

तिला खरंच दम लागला, आणि ती डोळे मिटून पडली. तो तिच्या छातीवरच्या चादरीकडे बघत बसला. चादर वर जायची, थांबायची, खाली यायची. ती थांबली की त्याचाही श्वास थांबायचा. आठवडाभराचं लाकूड, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. आठव्या दिवशी काय? जळण विकत घ्यावं, तर या दिवसांत जो कोणी विकतो तो शपथेवर सुकं म्हणून ओलंच विकतो. तिला मुलीकडे पाठवावं, तर एवढा प्रवास तिला झेपणार नव्हता. सहाची घंटा झाली तेव्हा तो बाहेर पडला आणि घरापर्यंतचं दीड तासाचं अंतर बस न पकडता चालत गेला.

गुरुवारी ती आली. घर उबदार होतं, सुताराने निवडलेली लाकडं मुकाट जळत होती, काचेमागची ज्योत स्वच्छ होती. तिने शेगडीजवळच्या खुर्चीत बसून एक मोठा श्वास घेतला, तो पूर्ण झाला, आणि ती म्हणाली, "बरं वाटलं." ड्रायव्हर आत जाऊन उगाच भांडी घासायला लागला, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

शुक्रवारी सकाळी ती भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली. तो चहा ओतत होता. ती खिडकीशी उभी राहिली. खिडकीतून शेड समोरच दिसायची.

"अहो."

"हं."

"हा माल कुठे पाठवायचाय?"

त्याने चहाचं भांडं खाली ठेवलं. मग सगळं सांगून टाकलं. थप्प्या, फळ्या, ताडपत्री, धूर, सुतार. सांगताना तो खोलीत चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करत होता. तिने ऐकलं, आणि ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकला थांबेना, आणि त्याने तिला धरून खुर्चीत बसवलं.

"सुतारभाऊंनी शिकवलं ना ठोकायला?" दम परत आल्यावर ती म्हणाली. "मग चार दिवसांत एवढंच निवडलंत?"

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला ऐकू येत नाही."

"काय?"

"ते खणखणीत का काय ते. मला काही ऐकू येत नाही. बऱ्याच वर्षांपासून."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "तरी 'काय' विचारलं, कारण तुम्हाला एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणताना ऐकायचं होतं."

तो खाली बसला. निवृत्त झाल्यापासून तो असा एका जागी बसलेला तिने पहिल्यांदाच पाहिला असेल.

"चूक माझीपण आहे," ती थोड्या वेळाने म्हणाली. "यंदा उन्हाळ्यात मनात आलं होतं, तुम्ही आता घरीच आहात, तर जळणाचं सगळं शिकवून ठेवावं. पण म्हटलं, शिकवायला घेतलं तर तुम्हाला वाटेल, ही जायची आवराआवर करतेय. मलाही तसंच वाटलं असतं."

"मग शिकवू नकोस," तो म्हणाला. ते त्याच्या तोंडून फार पटकन निघालं.

"बरं. नाही शिकवत. पण जळण तर निवडायला पाहिजे."

तिने आयुष्याची पंचवीस वर्षं शिलाईच्या कारखान्यात काढली होती. चाळीस मशिनी एका वेळी चालू असताना कोणत्या मशिनीची सुई बोथट झालीय हे ती मान वर न करता सांगायची. तिच्या कानांना खिडकीची एक पातळ काच म्हणजे काहीच नव्हतं. मग असं ठरलं की तिने आत खिडकीला खुर्ची लावून, पांघरूण घेऊन बसायचं. खिडकी उघडायची नाही, त्या बाबतीत तो ऐकेना. त्याने बाहेर खिडकीखाली लाकडं आणायची आणि सुक्या लाकडाने एकेक ठोकायचं. तिने एक बोट दाखवलं की सुकं, पंजा दाखवला की ओलं.

आधी त्याने ताडपत्रीच्या उरलेल्या गाठी सोडायला घेतल्या. त्याला स्वतःलाच त्या सुटेनात, शेवटी चाकू आणावा लागला. फळ्या परत घातल्या. मग ठोकणं सुरू झालं. ठोक, बोट, डावीकडे. ठोक, पंजा, उजवीकडे. रचताना तो फटी ठेवायचा विसरला की काचेवर टकटक व्हायची. ती त्याला ऐकू जायची नाही, मग ती दोन्ही हात हलवायची. दिवसाला तासभर सकाळी, तासभर दुपारी, त्याहून जास्त तिला बसवेना. चौथ्या दिवशी तिच्या गालांवर रंग आला. पाचव्या दिवशी तिने पांघरुणातून बाहेर येऊन त्याला पंजा अशा काही झोकात दाखवला की तो हसला.

त्याच पाचव्या दिवशी त्याच्या हाताला काहीतरी जाणवलं.

ट्रक चालवताना इंजिनाला काय होतंय हे त्याला कानाने कधीच कळलं नव्हतं. गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवला की कळायचं. आता डाव्या हातातलं लाकूड ठोकल्यावर मनगटापर्यंत एक झिणझिणी यायची आणि विरायची. काही लाकडांवर ती यायची, काहींवर हात नुसता मुका राहायचा. त्याने डोळे मिटून ठोकलं, मनात म्हणाला, सुकं, आणि वर पाहिलं. एक बोट. पुन्हा. ओलं. पंजा. दुपारपर्यंत त्याचं एकही चुकलं नाही.

ही गोष्ट कोणालाही आनंदाची वाटली असती. त्याच्या मात्र जिवाची घालमेल झाली. जळण आता त्याला एकट्याला निवडता येत होतं. त्याला ते यायलाच नको होतं. तिला काही सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं आणि ठोकत राहिला, आणि प्रत्येक वेळी मान वर करून खिडकीकडे बघत राहिला.

सहाव्या दिवशी ढीग गुडघ्याएवढा उरला होता. त्याने एक जाडसर लाकूड उचललं, ठोकलं. हात मुका. त्याने वर पाहिलं. तिने एक बोट दाखवलं.

सुकं.

तो लाकूड घेऊन उभा राहिला. डावीकडे ठेवावं, तर एखाद्या संध्याकाळी ते शेगडीत जाणार आणि त्याचा धूर तिच्या छातीत जाणार. उजवीकडे ठेवावं, तर तिला कळणार. ती काचेमागून त्याच्याकडेच बघत होती. बोट अजून वर होतं. तिचा चेहरा अगदी गंभीर होता, आणि डोळे मात्र नव्हते.

त्याने आपल्या कानाकडे बोट केलं आणि मान हलवली. नीट कळलं नाही, पुन्हा सांग.

त्याने पुन्हा ठोकलं. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने बोट मिटलं आणि सावकाश पंजा उघडून काचेला लावला.

त्याने लाकूड उजवीकडे ठेवलं, दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी फट सोडून. पुढचं उचललं, ठोकलं. झिणझिणी मनगटापर्यंत आली. तो वर बघून थांबला, तिचं बोट उठेपर्यंत.